डाउनलोड रखडतंय? आधी अपलोडकडे बघा

टोरंट, म्हणजे इतरांच्या संगणकांकडून तुकड्यातुकड्यांनी फाइल उतरवण्याची सोय, लावला की घरातलं बाकीचं इंटरनेट बसतं. व्हिडिओ कॉलवर समोरचा माणूस गोठतो, साधं पान उघडायला दहा-दहा सेकंद लागतात. आणि ज्याच्यासाठी हे सगळं सोसायचं, तो टोरंटही धड पळत नाही. लाइन ४ एमबीपीएसची असते आणि पडद्यावरचा आकडा ६० किलोबाइटच्या आसपास घुटमळत राहतो. अशा वेळी संशय दोनच ठिकाणी जातो: एक तर कंपनी फसवते आहे, नाहीतर लाइनच टाकाऊ आहे. कधीकधी दोन्ही खरं असतं. पण मंद घरगुती लाइनवर बहुतेक वेळा खरं कारण तिसरंच निघतं, आणि ते आपल्याला आपल्या हातांनी दूर करता येतं. ते कारण म्हणजे आपलंच अपलोड.

पहिल्यांदा ऐकताना हे पटत नाही. फाइल आपल्याकडे येते आहे, मग आपल्याकडून काय जातंय याच्याशी तिचा संबंध काय? हा संबंध समजला की पुढचं सगळं सोपं होतं, म्हणून त्याला जरा वेळ देऊ.

आधी आकड्यांचा घोळ

कंपनी लाइनचा वेग बिटमध्ये सांगते, टोरंटचं सॉफ्टवेअर बाइटमध्ये दाखवतं. एका बाइटमध्ये ८ बिट असतात, आणि एक एमबीपीएस म्हणजे सेकंदाला दहा लाख बिट. म्हणजे ४ एमबीपीएसच्या लाइनवर जास्तीत जास्त सेकंदाला ५०० किलोबाइट येऊ शकतात, त्यातलेही काही पत्ते आणि शीर्षकं वाहण्यात जातात. ४५० दिसत असतील तर लाइन उत्तम चालली आहे, तक्रारीला जागाच नाही. ६० दिसत असतील तर मात्र पुढे वाचा.

येण्यासाठी रुंद रस्ता, जाण्यासाठी बोळ

टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येणारं इंटरनेट, म्हणजे एडीएसएल, जाणूनबुजून एकतर्फी बनवलेलं आहे. १९९९ च्या मूळ मानकात तारेवरच्या लहरींची वाटणी अशी आहे: साधारण २५ ते १३८ किलोहर्ट्‌झ हा पट्टा आपल्याकडून जाणाऱ्या डेटाला, आणि तिथपासून ११०४ किलोहर्ट्‌झपर्यंतचा सगळा पट्टा येणाऱ्या डेटाला. जाणाऱ्याला एक वाटा, येणाऱ्याला जवळजवळ नऊ. २००३ मध्ये एडीएसएल२+ आलं तेव्हा पट्टा २२०८ किलोहर्ट्‌झपर्यंत वाढवला गेला, पण ती सगळी वाढ येणाऱ्या बाजूलाच मिळाली. त्यात एक्स्चेंजपासून घर जितकं लांब तितका वेग आणखी घसरतो. केबल टीव्हीच्या तारेवरच्या इंटरनेटमध्येही वाटणी अशीच विषम होती.

हे ठरवणाऱ्यांचं चुकलं असं म्हणता येणार नाही. घरातला माणूस एक क्लिक पाठवतो आणि बदल्यात अख्खं पान मागवतो, ही त्यांची समजूत त्या काळाला धरूनच होती. फाइल-शेअरिंगने ती मोडली, कारण तिथे प्रत्येक घर घेणारंही असतं आणि देणारंही.

प्रत्येक डाउनलोडला पोच लागते

इंटरनेटवरचा बराचसा डेटा टीसीपी नावाच्या नियमांनी चालतो. या नियमांचा गाभा एवढाच: पाठवणाऱ्याने थोडा माल पाठवायचा, मिळाल्याची पोच येईपर्यंत थांबायचं, पोच आली की आणखी पाठवायचा. पोच वेळेवर येत गेली तर तो हात सैल सोडतो. उशीर झाला किंवा पोच आलीच नाही तर रस्त्यात कोंडी आहे असं समजून हात आखडता घेतो.

एक गोदाम डोळ्यांसमोर आणा. पुढच्या रुंद रस्त्याने मालाचे ट्रक येतात. दर दोन ट्रकमागे एक पोरगा सायकलवरून पोचपावती घेऊन मागच्या बोळातून निघतो, आणि ती पोचली की तिकडून पुढचे ट्रक सुटतात. सायकलला जागा किती लागणार? जवळजवळ नाहीच. पण गोदामाच्या मालकाने त्याच बोळातून स्वतःचे भरलेले ट्रक बाहेर काढायला सुरुवात केली, तर सायकल त्यांच्या मागे अडकते. पुढचा रस्ता मोकळा, गोदामात जागा भरपूर, तरी माल येत नाही. पावतीच पोचलेली नसते.

आता खऱ्या आकड्यांवर येऊ. लाइन येताना ४ एमबीपीएस, जाताना ५१२ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबाइट. इंटरनेटवर डेटा छोट्या गठ्ठ्यांनी जातो, त्यांना पॅकेट म्हणतात. पूर्ण वेगाने डाउनलोड चालू असेल तर १५०० बाइटची सुमारे ३३३ पॅकेट दर सेकंदाला येतात. दर दोन पॅकेटमागे एक, अशा १६७ पोचा परत जायला हव्यात. एक पोच ४० बाइटची धरली तर हे झाले साधारण साडेसहा किलोबाइट, अपलोडचा जेमतेम दहावा हिस्सा. एडीएसएलवर हिशेब आणखी बिघडतो. तिथे डेटा ५३ बाइटच्या ठरावीक तुकड्यांतूनच जातो आणि ४० बाइटची पोच वरच्या वेष्टनासकट पुष्कळदा दोन तुकडे अडवते. मग हाच खर्च अपलोडच्या पाव हिश्श्याच्या वर जातो.

म्हणजे पूर्ण वेगाचं डाउनलोड हवं असेल तर एवढं अपलोड त्याच्यासाठी मोकळं असलंच पाहिजे. टोरंट मात्र सगळंच्या सगळं अपलोड फाइल वाटण्यात वापरून टाकतो.

चार सेकंदांची रांग

अपलोड भरलं की जादाच्या पॅकेटचं काय होतं? मोडेममध्ये त्यांच्यासाठी थोडी मेमरी राखलेली असते, तिला बफर म्हणतात. पॅकेट तिथे रांगेत थांबतात. हरवण्यापेक्षा थांबलेली बरी, हा विचार वरवर शहाणपणाचा वाटतो. पण हा बफर २५६ किलोबाइटचा असेल आणि जाण्याचा वेग ५१२ केबीपीएस असेल, तर भरलेली रांग रिकामी व्हायला चार सेकंद लागतात. एरवी ज्या पॅकेटची जाऊन-येऊन फेरी ५० मिलिसेकंदांत व्हायची, तिला आता ऐंशीपट वेळ. पोच याच रांगेत उभी, पान उघडण्याची विनंती याच रांगेत, व्हिडिओ कॉलमधला आपला आवाजही याच रांगेत. टोरंट लावल्यावर घरातलं सगळंच का बसतं, याचं उत्तर या रांगेत आहे.

पाठवणारा आपला वेग फेरीगणिक वाढवतो. फेरी ५० मिलिसेकंदांची असेल तर एका सेकंदात वीस वेळा वाढवायची संधी मिळते; चार सेकंदांची असेल तर मिनिटाला पंधरा. मध्येच एखादं पॅकेट हरवलं तर ते कळायलाच काही सेकंद जातात.

जिम गेटिस या अभियंत्याने २०१० च्या सुमारास स्वतःच्या घरच्या लाइनवर हा प्रकार खणून काढला आणि त्याला ‘बफरब्लोट’, म्हणजे फुगलेला बफर, असं नाव दिलं. मेमरी स्वस्त होत गेली तसे उपकरण बनवणारे बफर मोठे करत गेले आणि त्याने लाइन सुधारण्याऐवजी बिघडली. पॅकेट वेळेवर टाकून दिलं असतं तर पाठवणाऱ्याला कोंडीची खबर लगेच लागली असती. मोठ्या बफरने ती खबरच दाबून ठेवली.

कोंडीची खबर किती महत्त्वाची असते हे इंटरनेटने फार आधी अनुभवलं होतं. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचं बर्कली विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर कोसळला. अंतर होतं अवघं ४०० यार्ड. व्हॅन जेकबसन यांनी त्याचा छडा लावला आणि १९८८ मध्ये टीसीपीला हात आखडायला शिकवणारे नियम मांडले. आज घराघरात पोच पाहून वेग ठरतो तो त्याच पायावर.

टोरंटलाच हा फटका जास्त का?

साध्या डाउनलोडमध्ये एक सर्व्हर देतो आणि आपण घेतो. ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये आणलेल्या बिटटोरंटमध्ये फाइलचे तुकडे होतात आणि ती घेणारे सगळे एकमेकांना तुकडे देत राहतात. यातल्या प्रत्येक सहभागी संगणकाला पीअर म्हणतात. कोणाला द्यायचं हे ठरवण्याची पद्धत सरळ आहे: जो मला जास्त देतो त्याला मी देतो. मूळ रचनेत प्रत्येक पीअर दर १० सेकंदांनी हिशेब तपासतो आणि आपल्याला सर्वाधिक देणाऱ्या मोजक्यांनाच पुरवठा चालू ठेवतो. नवख्यालाही संधी मिळावी म्हणून दर ३० सेकंदांनी एखाद्या पीअरला चिठ्ठी टाकल्यासारखं निवडून उगीचच देऊन पाहतो.

हे आपल्या मंद लाइनला लावून बघा. ६४ किलोबाइटचं अपलोड चार पीअरमध्ये वाटलं तर प्रत्येकाला १६ मिळतात. तीस जणांत वाटलं तर दोन-दोन. मोठी लाइन असलेला पीअर यादी बघतो तेव्हा दोन किलोबाइट देणारा त्याच्या खिजगणतीतही नसतो. आपण सगळ्यांना थोडं थोडं देऊन कोणाच्याच उपयोगी पडलेलो नसतो.

आता त्यात चार सेकंदांची रांग मिसळा. एखाद्याने आपल्याला चिठ्ठीने निवडलं. त्याचा निरोप मोकळ्या बाजूने लगेच आला. आपण त्याच्याकडे तुकडा मागितला. तुकडे १६ किलोबाइटच्या ठोकळ्यांनी मागवायचे असतात आणि ती मागणीही एक पॅकेटच, म्हणून रांगेत चार सेकंद. माल यायला लागला, त्याची पोच पुन्हा चार सेकंद. नवी जोडणी तर मुळात संथच सुरू होते आणि पोचांच्या जोरावर वेग धरते. ३० सेकंदांची संधी, त्यात सात-आठ फेऱ्या. वेग धरायच्या आत संधी संपते. पडद्यावर जोडलेले पीअर चाळीस दिसतात आणि वेग साठच्या पुढे जात नाही, त्याचं हे कारण.

मग करायचं काय?

अपलोडला आपणच मर्यादा घालायची, जेणेकरून रांग मोडेममध्ये तयारच होणार नाही. टोरंट बंद, बाकीची उपकरणं शांत, अशा वेळी स्पीड टेस्ट करून अपलोडचा आकडा घ्या. त्याला ८ ने भागा म्हणजे बाइट मिळतील. त्याच्या सुमारे ८० टक्के इतकी मर्यादा टोरंटच्या सॉफ्टवेअरमध्ये लावा. ५१२ केबीपीएसच्या लाइनवर ६४ किलोबाइट होतात, म्हणजे मर्यादा ५०. एडीएसएल असेल तर ४५ वरून सुरुवात करा. क्यूबिटटोरंट, ट्रान्समिशन अशा सगळ्या प्रचलित सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते. एका वेळी किती पीअरना द्यायचं तेही पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये ठरवता येतं. एवढ्या छोट्या लाइनवर तीन-चार पुरेत.

माझ्या शब्दावर विसंबू नका, मोजून बघा. संगणकावर कमांडची खिडकी उघडून एखाद्या नेहमीच्या संकेतस्थळाला पिंग लावून ठेवा. पिंग म्हणजे एका छोट्या पॅकेटची जाऊन-येऊन वेळ. विंडोजवर ते सतत चालू राहण्यासाठी पुढे ‘-टी’ जोडावं लागतं, ते टी अक्षर रोमन लिपीत. लाइन शांत असताना आकडे ४०-५० मिलिसेकंदांच्या घरात असतील. मर्यादा न लावता टोरंट सुरू करा आणि एक मिनिटभर त्या खिडकीकडे बघत राहा. आकडे तीनशे, नऊशे, दोन हजार असे चढतात आणि मधूनच उत्तर न आल्याची ओळ उमटते. आता मर्यादा लावा. मोडेममधली साचलेली रांग वाहून जायला काही सेकंद लागतात, मग आकडे खाली उतरतात. अजूनही शंभराच्या बरेच वर असतील तर मर्यादा पाच-पाचने उतरवत चला. पिंग स्थिरावलं की डाउनलोडचा आकडा बघा. अपलोड कमी केल्यावर डाउनलोड वाढताना प्रत्यक्ष दिसलं की हा विषय पुन्हा समजावून सांगावा लागत नाही.

मग अपलोड शून्यावरच आणलं तर?

नको. देणाऱ्याला मिळतं हा नियम वर आलाच आहे. एक-दोन किलोबाइटवर अपलोड बांधलं तर रांग संपते, पण पीअरच्या हिशेबात आपण फुकटे ठरतो आणि फक्त चिठ्ठीच्या संधीवर जगतो. ज्यांच्याकडे पूर्ण फाइल आहे ते सीडर आपल्याकडून परतफेड मागत नाहीत. ते भरपूर असतील तर कमी अपलोडनेही काम भागतं. पण असे टोरंट थोडे. आणि हिशेबापलीकडचीही एक गोष्ट आहे: घेणाऱ्या प्रत्येकाने हात आखडला तर वाटायला कोणी उरतच नाही.

जोडण्या वाढवल्या तर वेग वाढेल ना?

‘कमाल जोडण्या ५००० करा’ असा सल्ला सगळीकडे सापडतो. मंद लाइनवर त्याने नुकसानच होतं. प्रत्येक जोडणी जिवंत ठेवायला निरोप पाठवावे लागतात, आणि ते सगळे त्या अरुंद अपलोडमधूनच. शिवाय घरचा राउटर प्रत्येक जोडणीची नोंद एका तक्त्यात ठेवतो. स्वस्त राउटरचा तक्ता लहान असतो. तो भरला की नव्या जोडण्या घेता येत नाहीत आणि राउटर अडकल्यासारखा वागतो. तो बंद करून चालू केल्यावर सगळं सुरळीत होतं, याचा अर्थ पुष्कळदा इतकाच की तक्ता रिकामा झाला. शंभरच्या आसपास जोडण्या पुरेशा आहेत.

आपल्यापर्यंत कोणी पोचूच शकत नसेल तर?

हे कारण अपलोडच्या वेगापेक्षा वेगळं आहे, पण परिणाम तसाच दिसतो. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे इंटरनेट पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी. त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला. म्हणून एका घरातली सगळी उपकरणं एकाच पत्त्याआड बसतात आणि बाहेरून न मागता आलेली जोडणी राउटर नाकारतो. आपण इतरांशी जोडणी सुरू करू शकतो, पण ते आपल्याशी करू शकत नाहीत. दोघेही अशाच आडोशाला असले तर खास युक्ती वापरल्याशिवाय त्यांची गाठ पडत नाही. राउटरमध्ये टोरंटचं पोर्ट, म्हणजे त्याच्यासाठीचं क्रमांकाचं दार, खुलं केलं की हे सुटतं. पण काही कंपन्या शेकडो ग्राहकांनाच एका पत्त्याआड बसवतात. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या गटातला दिसला तर समजा की आपलं तसंच आहे. तिथे घरच्या राउटरमध्ये कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे पत्ते, चालू करून बघणं हा त्यातल्या त्यात चांगला मार्ग.

कंपनी मुद्दाम दाबत असेल तर?

तसं घडलेलं आहे. अमेरिकेतली कॉमकास्ट ही कंपनी खोटी ‘जोडणी तोडा’ पॅकेट पाठवून ग्राहकांचे टोरंट तोडते, हे २००७ मध्ये उघड झालं. तिथल्या दूरसंचार आयोगाने २००८ मध्ये तिला ते थांबवायचा आदेश दिला. २०१० मध्ये न्यायालयाने तो आदेश, आयोगाला तसा अधिकार नाही म्हणून, रद्द केला. तेव्हा हा संशय काल्पनिक नाही. फक्त तो शेवटी घ्यायचा. अपलोडला मर्यादा लावलेली आहे, पिंग स्थिर आहे, भरपूर सीडर असलेला टोरंट निवडला आहे (डेबियन किंवा उबंटू या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या अधिकृत फाइली यासाठी छान), आणि साधं डाउनलोड पूर्ण वेगाने येत असताना फक्त टोरंटच अडतो आहे, असं सगळं जुळलं तर कंपनीला जाब विचारायला आधार मिळतो. त्याआधी विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: ‘स्पीड टेस्ट करा.’

आणि स्पीड टेस्टमध्ये सगळं छान दिसतं. ती सहसा जवळच्या सर्व्हरशी होते, लाइन मोकळी असताना होते, आणि डाउनलोड व अपलोड आळीपाळीने मोजते. दोन्ही एकदम चालू असताना काय होतं हे त्या दोन मोठ्या आकड्यांत येतच नाही. हल्ली काही चाचण्या लाइन भरलेली असतानाचं पिंगही वेगळं दाखवतात. आपल्या दुखण्याचं निदान करणारा आकडा तोच.

सॉफ्टवेअरला हे आपसूक कळत नाही का?

आता बऱ्यापैकी कळतं. २०१० च्या सुमारास यूटोरंट या टोरंटच्या सॉफ्टवेअरने यूटीपी नावाची नवी पद्धत मुख्य म्हणून वापरायला सुरुवात केली. ती पॅकेट हरवण्याची वाट बघत नाही. फेरीला उशीर वाढतोय एवढं दिसलं तरी मागे सरते. तिच्यामागचं तंत्र डिसेंबर २०१२ मध्ये आरएफसी ६८१७ या दस्तऐवजात नोंदलं गेलं. रांगेतला उशीर १०० मिलिसेकंदांच्या वर जाऊ द्यायचा नाही, हे त्याचं लक्ष्य. चार सेकंदांच्या तुलनेत हा फरक फार मोठा आहे.

तरी मर्यादा लावायची गरज संपत नाही. एक तर पुष्कळ पीअरशी जोडणी अजून जुन्या टीसीपीनेच होते. दुसरं, घरात अपलोड करणारा टोरंट एकटा नसतो. फोन चार्जिंगला लावला की फोटोंचा बॅकअप सुरू होतो आणि तो टीसीपीने रांग भरतो. यूटीपी सभ्यपणे मागे सरतं, आपण पीअरना देणं कमी होतं, आणि त्यांच्याकडून येणंही आटतं. रात्री टोरंट का मंदावतो हे शोधताना फोनचा बॅकअप आधी तपासा.

फायबर घेतलं की प्रश्न मिटतो?

बराचसा. घरोघरी वापरल्या जाणाऱ्या जीपॉन फायबरमध्येही येण्याची क्षमता २.४८८ जीबीपीएस आणि जाण्याची १.२४४ असते, आणि ती अनेक घरांत वाटली जाते. पण एकास नऊच्या जागी एकास दोन हा फार मोठा बदल आहे. बफर फुगण्याचा दोष मात्र वेगाबरोबर आपोआप जात नाही. भिंतीपलीकडचं अशक्त वायफाय हाही अरुंद बोळच, आणि तिथेही रांग साचते.

घरात अनेक जण एकच मंद लाइन वापरत असतील तर प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये मर्यादा घालत बसण्यापेक्षा राउटरलाच रांग सांभाळायला सांगणं बरं. कॅथलीन निकोल्स आणि त्याच व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल नावाची पद्धत मांडली: पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं ते बघायचं आणि थांबणं लांबलं की ते टाकून द्यायचं, म्हणजे पाठवणाऱ्याला खबर वेळेत मिळते. तिचीच पुढची आवृत्ती, एफक्यू-कोडेल, प्रत्येक जोडणीला वेगळी रांग देते, त्यामुळे छोटी पोच टोरंटच्या मोठ्या पॅकेटमागे अडकत नाही. ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर चालणाऱ्या राउटरवर ही सोय एसक्यूएम या नावाने मिळते. तिथेही तीच गोष्ट विचारली जाते: आपल्या लाइनचा अपलोडचा वेग. मोजलेल्या आकड्यापेक्षा थोडा कमी भरा, कारण रांग मोडेममध्ये न साचता राउटरमध्येच थांबली तरच त्याला ती सांभाळता येते.